वैरागडेकाका आधी बसून पाहतात

वैरागडेकाकांचे पाय ठणठणीत आहेत. अडुसष्टाव्या वर्षी ते रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत सकाळी असे चालतात की कुत्री बाजूला होतात. तरी महिन्यातल्या एका शनिवारी ते व्हीलचेअरवर बसतात, मांडीवर मोजपट्टी आणि वही घेतात आणि मला हाक मारतात, "चाल पोट्टे, ढकल."

मी, दीपा, पोट्टी नाही. बेचाळीस वर्षांची आहे, नवा रायपूरच्या एका कचेरीत माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. पण काकांना नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. एक सोडून, पण ते पुढे सांगते.

काका सहली काढतात. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या. राजिम, चंपारण, सिरपूर. गंगरेलच्या धरणाला ते समुद्र म्हणतात, कारण खरा समुद्र पुरीला आणि पुरी एका दिवसात होत नाही. गाडी ओळखीच्या माणसाची, पण मागच्या दाराला खुर्ची चढवायची फळी काकांनी स्वतः बसवलेली. तीन खुर्च्या मावतात. सहल रविवारी, आणि आदल्या दिवशी त्याच जागेची तपासणी.

काकांचा जन्म रेल्वेचे पूल तपासण्यात गेला. "वरून गाडी नेल्याबिगर आम्ही पूल पास करत नसतो," असं ते सांगतात. "जागा डोळ्यानं नाही, बुडानं पाहा लागते." म्हणून स्वतः बसतात, मी ढकलते, आणि जिथे दणका बसेल तिथे वहीत नापासचा शेरा पडतो. एका चहाच्या टपरीला नापास, एका बागेला नापास, मला दोनदा नापास. नवा रायपूरचे रुंद रस्ते मात्र पहिल्या फटक्यात पास झाले. "रस्ते एक नंबर," काका म्हणाले, "पण भेटाले कोणाकडं जायचं इथं?"

या बसण्याने एकदा भलताच घोळ झाला. चंपारणला देवळाच्या आवारात मी त्यांना ढकलत होते. बायका कळवळून पाहत होत्या, एकीने तर त्यांच्या हातात झेंडूचं फूल ठेवलं. तेवढ्यात काकांना एक उंबरा दिसला. ते ताडकन उठले, चालत गेले आणि गुडघे टेकून उंची मोजू लागले. मागून आवाज आला, "देख दाई, बाबा रेंगे लगिस!" बाबा चालायला लागला म्हणजे चमत्कारच. दोघीतिघी पाया पडायला वाकल्या. काका मोजपट्टी गुंडाळत म्हणाले, "पाया नंतर पडा, आधी या उंबऱ्याले फळी लावाले सांगा."

गाडीतल्या तीन जागांपैकी एक बीरगावच्या साहूभैयांची. कारखान्यात पाठीला मार लागल्यापासून ते बसूनच आहेत. दुसरी एका निवृत्त गुरुजींची. तिसरी जागा सिंधूकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची, आणि ती दर वेळी रिकामी जायची. तीन वर्षांपूर्वी लकव्याने काकूंची डावी बाजू गेली. शनिवारी तपासणीहून आल्यावर काका विचारायचे, "सिंधू, येतं का?" काकू म्हणायच्या, "तुम्ही जा." साहूभैयांनी एकदा आपल्या भावाला आणू का म्हणून विचारलं, तर काकांनी जागा भरलेली आहे म्हणून सांगितलं.

काकूंना मी कारण विचारलं तेव्हा आम्ही दोघी मेथी निवडत होतो. त्या एका हाताने निवडत होत्या, माझ्यापेक्षा लवकर.

"पहिल्या वर्षी नेलं होतं मले एका देवळात," काकू म्हणाल्या. "नऊ पायऱ्या. यायनं तिथंच हाळी देल्ली, चार आदमी आओ, उठाना है. आले चौघं. खुर्चीसगट उचललं. पदर इकडं, चप्पल तिकडं, सारा बाजार पाहून राहिला. हे खालून सांगून राहिले, डावीकडून जरा वर. त्या दिवशी मी माणूस नव्हती बाई, कपाट होती."

त्यानंतरच काका स्वतः खुर्चीत बसून जागा पाहू लागले होते. माफी मागायची त्यांची ती रीत असावी. पण काकूंच्या कानावर दर वेळी नुसती मापं पडत होती, आणि माफीचा शब्द काकांच्या तोंडून निघत नव्हता. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी वाईटही वाटलं.

थंडीच्या सुरुवातीला सिरपूर ठरलं. काकांनी तपासणी दोनदा केली. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होते. "सिंधू, देवळापर्यंत एकबी पायरी नाही," ते म्हणाले. "ओट्यावर चढता येत नाही, खालून पाहा लागते. कोणीच कोणाले उचलणार नाही."

"येते," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही नाही यायचं. दीपा ढकलन."

"काहून?"

"तुम्ही असले की सारा गाव पाह्यते."

काकांनी वही उघडली, काहीच न लिहिता मिटली. रविवारी त्यांनी स्वतः फळी लावली, काकूंचा पट्टा बांधला, ड्रायव्हरला तेच तेच तीनदा सांगितलं आणि फाटकाशी उभे राहिले. दिवसभरात दहा फोन येतील अशी माझी खात्री होती. एकही आला नाही.

आम्ही पाचला परतलो तेव्हा काका फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेले. समोरच्या घरातल्या दीदींनी सांगितलं, दुपारचं जेवले नाहीत. काकूंना उतरवल्यावर ते म्हणाले, "आरंगच्या पुढं रस्ता कसा..." आणि थांबले. मग हळूच विचारलं, "काय पाह्यलं?"

"देऊळ विटांचं आहे," काकू म्हणाल्या. "इटाच कोरल्या, लाकूड कोरावं तशा. वर खोट्या खिडक्या आहेत. एकीत तीन पोपट बसले होते. लय वेळ पाह्यले."

"पोपट? कुठी?"

"वर. शिखरावर."

काका सिरपूरला निदान आठ वेळा गेले असतील. "वर नाही पाह्यलं मी कधी," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "पुढच्या बारीले या सोबत. चूप राहान तर."

"हव," काका म्हणाले आणि काकूंच्या खुर्चीमागे गेले. त्यांच्या फाटकाशी नालीवरची फरशी जरा वर आली आहे, तिथे पुढची चाकं उचलावी लागतात. काकांनी दांडे धरले, आणि तसेच उभे राहिले.

"सिंधू," ते म्हणाले, "उचलू का?"

काकूंनी पदर नीट केला, पाय खुर्चीच्या खालच्या पट्टीवर घेतले. "उचला," त्या म्हणाल्या.