अच्युत देवस्थळी : वापरण्यास योग्य

आमच्या क्वालिटी कंट्रोल विभागातले अच्युत देवस्थळी वार्षिक वैद्यकीय तपासणीत नापास झाले, ही बाब सक्षम अधिकाऱ्यांच्या निदर्शनास सोमवारी सकाळी साडेदहाला आली. कारखाना भोपाळचा, सरकारी, आणि टाउनशिपही त्याचीच. नाव सांगत नाही, कारण त्यासाठी नाहरकत प्रमाणपत्र लागतं. अच्युतरावांच्या रक्तातला सीआरपी चौदा निघाला. तो पाचाच्या आत हवा.

सीआरपी म्हणजे शरीरात कुठे दाह चालू असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. महिन्याने परत तपासला, तरी चौदाच. टाउनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अनुराधाबाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "दाढ असेल, सांधा असेल, काहीच नसेल. पण कारण सापडत नाही आणि आकडा उतरत नाही, तेव्हा कधी कधी ती कॅन्सरच्या धोक्याची आगाऊ वर्दीही असते. शोध घ्यायला हवा."

शोध घ्यायचा तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं. त्याचा फॉर्म आहे आणि फॉर्मात 'निदान' असा रकाना आहे. बाईंनी लिहिलं, 'धोका'. वैद्यकीय शाखेने फॉर्म परत केला: धोका हे निदान नाही, रोग झाल्यावर पुन्हा अर्ज करावा. तोवर संगणकात अच्युतराव 'अनफिट' म्हणून चढले होते. अनफिट माणसाची सही चालत नाही, आणि त्यांच्या सहीवाचून एक अख्खं टर्बाइन शेडमध्ये पडून राहिलं.

जनरल मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "जयंतजी, ये आदमी चलेगा या नहीं?"

"सर, डेव्हिएशन काढू," मी छातीठोकपणे म्हणालो.

डेव्हिएशन ही आमच्या धंद्यातली फार माणुसकीची पद्धत आहे. एखाद्या भागाचं माप ड्रॉइंगपेक्षा चुकलं, तर तो लगेच मोडीत काढत नाहीत. एक नोट काढतात आणि तिच्यावर तिघं सह्या करतात: डिझाइन करणारा, वापरणारा आणि तपासणारा. तीन सह्या पडल्या की चुकलेलं माप त्या भागापुरतं बरोबर. अच्युतरावांनी स्वतः एकतीस वर्षांत अशा हजारो नोटांवर 'वापरण्यास योग्य' असं लिहिलंय. त्यांना कल्पना जाम आवडली.

डिझायनर म्हणून त्यांच्या मातोश्री लीलावतीबाईंची सही घेतली. वय शहाऐंशी. मूळ मापांची चौकशी करताच म्हणाल्या, "हा जन्मल्यापासून असाच गरम अंगाचा आहे," आणि सही ठोकली. तपासणारा मी. राहिली वापरणाऱ्याची सही, ती नियमाने शालिनीवहिनींची.

वहिनी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी नोट वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली.

"जयंतभाऊजी, बेअरिंग तापलं तर तुम्ही काय करता?"

"कारण शोधतो. अगदीच वेळ नसला तर अलार्मची मर्यादा वाढवतो."

"मग?"

"मग अलार्म वाजत नाही."

"मला हा माणूस अजून वीस वर्षं हवाय," वहिनी म्हणाल्या. "आधी कारण शोधा, मग सही मागा."

"अगं, नऊनेच तर चुकलंय," अच्युतराव म्हणाले. वहिनींनी नोट मटारच्या सालांत टाकली. मला खरं तर त्यांचा रागच आला, एका बाईच्या हट्टापायी टर्बाइन अडून बसलं होतं.

शेवटी विधी शाखेने मत दिलं की आठ ते पाच या वेळात अच्युतरावांना कारखानाच वापरतो. जनरल मॅनेजरसाहेबांनी सही केली आणि टर्बाइन रवाना झालं. तीन महिन्यांनी सीआरपी एकोणीस आला. सुधारित डेव्हिएशन काढलं, नमुना तयारच होता. बातमी फुटली तशी सहावाले, अकरावाले, सतरावाले माझ्या टेबलापुढे रांग लावून उभे राहिले. एवढ्या नोटा टाइप कोण करणार? म्हणून मुळातलं मापच बदललं: टाउनशिपच्या हद्दीत सीआरपीची मर्यादा पंचवीस. एका दुपारीत अख्खी टाउनशिप निरोगी झाली. 'दाहमुक्त वसाहत' म्हणून आम्हाला ढाल मिळाली, पोहे-जिलेबीसह समारंभ झाला. डॉक्टर अनुराधाबाई तेवढ्या पोहे न खाता उठून गेल्या.

समारंभाला अच्युतरावही नव्हते. बिट्टन मार्केटमधून भाजी आणू म्हणून वहिनींनी त्यांना स्कूटर काढायला लावली आणि पिशवीसकट बाहेरच्या एका डॉक्टरपुढे नेऊन बसवलं. त्यांनी दाढा पाहिल्या, सांधे पाहिले. पुढच्या आठवड्यात आतड्यात दुर्बीण घातली तेव्हा एक गाठ दिसली. कॅन्सर नव्हे, पण त्या वाटेला लागलेली. तिथल्या तिथे काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, "आकड्याने गाठ नाही दाखवली, नुसतं 'बघा' म्हटलं. तुम्ही बघितलंत, हे फार बरं केलंत." अच्युतराव घरी आले ते वहिनींचा हात धरून, भर कॉलनीतून. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

दोन महिन्यांनी त्यांचा सीआरपी आला तीन. मंजूर डेव्हिएशन एकोणीसचं होतं. सोळाची तफावत पाहून संगणकाने त्यांना पुन्हा अनफिट ठरवलं.

नवी नोट घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि विचारलं, "तुमचा किती आहे हो?"

"बावीस. पण मर्यादेत आहे."

"मंगळवारी आठ वाजता उपाशीपोटी तयार राहा," वहिनी म्हणाल्या. मंगळवारी माझी मीटिंग होती, तसं मी सांगितलं.

तुम्ही हसताय, हसा. पण गेल्या वर्षीच्या तुमच्या रिपोर्टात एका आकड्यापुढे मर्यादेबाहेरचा म्हणून तारा होता ना? लॅबची चूक असेल, दिवाळीचं खाणं भोवलं असेल, पुढच्या वेळी बघू, असं म्हणत तुम्ही तो रिपोर्ट कपाटात ठेवून दिलात. आम्हाला एवढ्यासाठी तीन सह्या लागल्या. तुम्ही एकट्याने भागवलंत.