दोन जुळ्या बरण्या

"आज अम्मींना नाव ठेवायला जागा मिळाली, तर मी नावाची नाही," सूनबाईने नवऱ्याला ठणकावून सांगितलं.

सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच येणार होत्या. बाई लोण्यासारखी मऊ. पण चष्मा लावून हलालची खूण वाचल्याशिवाय पाकिटातलं काही तोंडात घालायच्या नाहीत. आपल्या हातचं त्या खातील ना, हाच सूनबाईला घोर. म्हणून तिने खूण असलेली पुडिंगची पावडर पाच दुकानं पालथी घालून आणली. नमाजाआधी वजू करताना पुन्हापुन्हा धुऊन त्यांच्या हातांना भेगा पडतात, म्हणून क्रीमही खुणेचंच घेतलं. पुडिंग शिजवून झालं, मग हौस नडली. दोन्ही पांढरीशुभ्र प्रकरणं तिने एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरली आणि वेष्टनं टाकली कचऱ्यात.

सासूबाई येऊन बसल्या. समोर दोन्ही बरण्या आल्या. पर्समधून चष्मा निघाला.

"बेटा, यावर खूण कुठे दिसत नाही?"

सूनबाई पुडिंगहून पांढरी पडली. नवरा धावत खाली गेला आणि कचऱ्याच्या पिंपात कमरेपर्यंत शिरला.

"काही हरवलं का?" शेजाऱ्याने विचारलं.

"बायकोची अब्रू," तो आतून म्हणाला.

वेष्टनं आली. आता कुठलं कुठे? वास दोन्हींना व्हॅनिलाचा! सूनबाईने अल्लाचं नाव घेऊन घाईघाईने चिकटवून टाकली.

सासूबाईंनी अक्षर न् अक्षर वाचलं. मान डोलावली. पहिल्या बरणीतलं चमचाभर खाल्लं, दुसरीतलं बोटभर घेऊन हातांना चोळलं. सूनबाईचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात नवऱ्याने पहिल्या बरणीत चमचा घातला, आणि तो बेसिनकडे पळाला.

"अगं, हे क्रीम आहे!"

सूनबाईच्या डोळ्यांना धार लागली. "अम्मी, तुम्हाला कळलं नाही?"

"जिभेला लागताच कळलं."

"मग गिळलंत कशाला?"

"खूण बरणीवर वाचली, पोरी. खाल्लं ते तुझ्या तोंडाकडे बघून. श्वास रोखून उभी होतीस, थुंकू कशी?" त्यांनी चिकट हाताने तिला जवळ ओढलं, तिच्या गालावर पुडिंग माखलं. मग स्वतःचं बोट हळूच चाटून पाहिलं.

"हे छान जमलंय हो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "साखर तेवढी कमी पडली."