डक्टच्या पाइपातली डरकाळी

खलिफा सिटीतल्या आमच्या इमारतीच्या बेसमेंट पार्किंगमधून संध्याकाळी रेडा रेकल्यासारखा आवाज आला, की नवे भाडेकरू घाबरून वॉचमनला फोन करतात. जुने म्हणतात, "काही नाही, सप्टेंबर जवळ आला. यूनुसभाईंची प्रॅक्टिस चाललीय."

यूनुसभाई मूळचे श्रीवर्धनकडचे. इथे आखातात एसी डक्टिंगचा धंदा. धंद्यातला भागीदार इथलाच. त्याला ते अरबाब, म्हणजे मालक, म्हणतात. अरबाबला शिकारीचा भारी नाद. म्हणून दर सप्टेंबरला दोघे रीतसर परवाना काढून हंगेरीला जातात. बंदूक अरबाबची, गळा यूनुसभाईंचा.

तिथली हरणं म्हणजे आपल्या सांबराची गोरी भावंडं. माजावर आलेला नर माद्यांचा कळप राखतो आणि डरकाळ्या फोडून दुसऱ्या नरांना दम देतो. यूनुसभाई डक्टचा लवचिक पाइप तोंडाला लावून हुबेहूब तशीच डरकाळी फोडतात. मग खरा नर 'कोण रे तू?' म्हणत समोर येतो.

"तरणा नर बारीक आवाजात सारखा ओरडतो," ते मला शिकवतात. "पोक्ता कमी बोलतो, पण पोटातून. आणि मादी भुंकली की खलास! सगळे पसार."

हा कान लहानपणचा. वडिलांबरोबर भाताच्या राखणीला बसायचे, तेव्हा भेकर बिबट्याला बघून भुंकलं की उगाच, हे यूनुसभाई बरोबर सांगत.

माणसांनाही ते असंच ऐकतात. एकदा पार्किंगवरून एक शेजारी माझ्यावर तावातावाने ओरडत होता. यूनुसभाई माझ्या कानाशी लागले, "घाबरू नको हबीबी. आवाज बारीक आहे. शिंगं अजून फुटायचीत." मला हसू फुटलं, शेजारी गोंधळला आणि भांडण तिथेच विझलं.

गेल्या वर्षी मात्र दोघे रिकाम्या हातांनी परतले. यूनुसभाईंच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्यानंतरची ती पहिलीच फेरी; मुलगे तर केव्हाचे कॅनडात. चहाला गेलो तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"सकाळी धुकं होतं. मी डरकाळी दिली. पलीकडून उत्तर आलं ते घोगरं, मध्येच तुटणारं. ओळखलं, म्हातारा आहे. कळप दुसऱ्याने पळवलेला. मी पुन्हा आवाज दिला, तो आला. शिंगं रोखली नाहीत, जमीन उकरली नाही. नुसता उभा राहिला, माझ्याकडे कान करून."

"मग?"

"अरबाबने बंदूक उचलली. आणि मी भुंकलो."

"मादीसारखे?"

"हां. म्हातारा झाडीत गेला तो गेलाच."

"पण का?"

"अरे, भांडायला नव्हता आला तो. कुणीतरी आहे म्हणून आला होता. आणि बोलावला कोणी? मी."

"अरबाब चिडले असतील!"

"त्याने एवढंच विचारलं, 'यूनुस, मादी कुठे होती?' मी म्हटलं, 'होती तिकडे.' गाडीत बसलो. मग म्हणाला, 'यापुढे शुक्रवारचं जेवण आमच्या घरी. एकट्याने बसायचं नाही.'"

यूनुसभाई उठले. "फार चलाख माणूस आहे," म्हणाले आणि कप घेऊन आत गेले.

दोन कप विसळायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.