म्हाताऱ्यासकट घर

जागा बघायला गेलेली माणसं पाण्याचं विचारतात, रस्त्याचं विचारतात, कागदपत्रं मागतात. आमचे कोठावदे यातलं काहीही करत नसत. ते जागेच्या मधोमध रुमाल अंथरून बसायचे, डोळे मिटायचे आणि दहा मिनिटं आवाज मोजायचे. घड्याळ माझ्याकडे. वेळ संपली की मी त्यांच्या खांद्याला हात लावायचा आणि मग ते खिशातल्या वहीत निकाल लिहायचे. 'कोंबडा एक, ट्रॅक्टर दोन, माणूस चार. नापास.' तोवर जागा दाखवायला आलेला एजंट 'यांना हे कधीपासून होतंय?' अशा नजरेनं माझ्याकडे बघत असायचा.

कोंबडा ते एखादवेळी माफ करत. माणूस कधीच नाही.

यात त्यांची चूक होती असं मला वाटत नाही. सातपूरच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथं त्यांचं तपासणीचं टेबल प्रेस शॉपला चिकटून होतं. दिवसभर कानाशी दाणदाण. संध्याकाळी सिडकोतल्या खोलीवर यावं, तर वरच्यांचा मिक्सर, खालच्यांचा टीव्ही आणि शेजारी एका हौशी गृहस्थाचा तबला. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्यात बोलावं लागतं."

उरला रविवार. तो त्यांनी डोंगरांना वाहून टाकलेला. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, आळीपाळीनं सगळे. खांद्याला पिशवी, पिशवीत चार पोळ्या आणि गूळ, आणि एकट्यानं चढायचं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकच स्वप्न बोलून दाखवलं. डोंगराच्या पायथ्याशी, पगारात बसेल अशी एक खोली. "एक दार, एक खिडकी, एक चूल आणि शून्य माणूस."

नव्वदच्या दशकातले माझे निम्मे रविवार या शून्य माणसापायी गेले. मी जायचो, कारण स्कूटर माझी होती आणि परतीच्या वाटेवरची मिसळ त्यांच्याकडून असायची. डोंगर चढायचं मात्र मी कधी मनावर घेतलं नाही. डोंगर खालून जास्त चांगला दिसतो हे माझं मत आजही कायम आहे.

कोठावदे मूळचे सटाण्याचे. एरवी बोलणं अगदी पुस्तकी, पण चिडले की अहिराणीवर यायचे. त्र्यंबक रोडला एका एजंटानं आखलेले प्लॉट दाखवले आणि हात पसरून म्हणाला, "सर, इथं क्लब हाउस येणार. तिथं स्विमिंग पूल."

"पोहणार कोण?"

"सगळेच की सर!"

"सगळे म्हणजे माणसंच ना? जमाव नही!"

हे 'जमाव नही', म्हणजे जमायचं नाही, मी किमान चाळीस जागांवर ऐकलं असेल. आणि जिथं आवाजांची परीक्षा पास व्हायची तिथं कायदा आडवा यायचा. शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. कोठावद्यांच्या वडिलांचं किराणा दुकान. "आमच्या घरात तराजू आहे, नांगर नाही," ते म्हणायचे. डोंगरातल्या आदिवासींची जमीन तर बाहेरच्याला घेताच येत नाही. एक एजंट त्यातूनही काही खटपट करू म्हणाला, तेव्हा हे त्याच्यावरच उखडले, "येत नाही तेच बरं आहे. नाहीतर तुम्ही डोंगर केव्हाच विकून खाल्ला असता!"

दोन हजार साल उजाडायच्या जरा आधी मात्र त्यांना घर मिळालं. तेही फुकटात म्हणावं इतक्या स्वस्तात.

हरिहर गडाच्या पायथ्याजवळच्या एका पाड्यावर आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. दिवाळी नुकतीच झालेली, खळ्यावर भात झोडून झालेला. घरधनी काशिनाथ बोचकी बांधत होता. कुठं निघालात, असं विचारलं.

"दिंडोरीला सायेब, द्राक्षाच्या कामाला. सगळा पाडाच जातो. होळीला परत."

"आणि घर?"

"घराला काय, कडी लावायची."

कोठावद्यांच्या डोळ्यांत एकदम दिवे लागले. दिवाळी ते होळी! डोंगर चढायचा मोसम तोच, आणि नेमका तेव्हाच पाडा रिकामा! नाशकातल्या एकाही एजंटाला जे सुचलं नव्हतं ते या माणसाला पाण्याचा तांब्या हातात असताना सुचलं. शनिवार-रविवारपुरतं घर द्याल का, म्हणून त्यांनी विचारलं.

काशिनाथनं डोकं खाजवलं. "ऱ्हावा की. पण चूल पेटवत जा. धूर नाय लागला त वासं किडं खातील."

"पेटवीन."

"आन आत बा हे. त्यो नाय येत आमच्यासंगं. जेवायचं शेजारची तुळसाबाई बघती. पडून असतो कोपऱ्यात, तरास नाय देयाचा."

आम्ही आत वाकून बघितलं. कोपऱ्यात घोंगडीवर एक म्हातारा बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात एक दात. आमची चाहूल लागताच त्यानं बोलायला सुरुवात केली. विषय बहुतेक एका म्हशीचा होता. आम्ही निघालो तेव्हाही म्हैस चालूच होती.

बाहेर आल्यावर मी कोठावद्यांकडे बघितलं. आता 'जमाव नही' येणार, म्हणून मी तयारीत. पण ते गडाकडे बघत होते. इतका जवळ गड आणि इतकं स्वस्त घर पुन्हा मिळणार नव्हतं. हताश आवाजात म्हणाले, "म्हातारा झोपत असेल ना कधीतरी?"

झालं. मी ऑफिसभर सांगत सुटलो, कोठावद्यांनी म्हाताऱ्यासकट घर घेतलं!

मग दरवर्षी दिवाळी झाली की हे शनिवारी पाड्यावर आणि सोमवारी कॅंटीनमध्ये गडाच्या गोष्टी. पहाटेचं धुकं, खडकातल्या पायऱ्या, माथ्यावरचा वारा. कपड्यांना चुलीच्या धुराचा वास. एकदा हाताला भाजलेलं दिसलं. भाकरी शिकतोय म्हणाले. म्हाताऱ्याचं विचारलं तर, "बोलतो. फार बोलतो," एवढंच.

अशी चार-पाच वर्षं गेली आणि मग खरीखुरी जागा चालून आली. ब्रह्मगिरीच्या मागच्या अंगाला एक दगडी खोली, कागद चोख, आसपास वस्ती नाही. मी स्वतः घड्याळ लावून दहा मिनिटं उभा होतो. वारा सोडून काही नाही. शून्य माणूस! किंमतही आवाक्यातली. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराला त्र्यंबकला इसार द्यायचा ठरला. कोठावदे पाड्यावरून सकाळच्या जीपनं येणार आणि साक्षीदार मी.

अकरा वाजले, बारा वाजले. मोबाइल तोवर आले होते, पण पाड्यावर रेंज कुठली! मालक म्हणाला, "चारपर्यंत थांबतो. मग मुंबईची पार्टी तयार आहे." मी स्कूटरला किक मारली. बारा वर्षं जे शोधलं ते हा माणूस झोपून घालवतोय की काय, असं पुटपुटत मी तासाभरात पाडा गाठला.

अंगणाच्या तोंडाशी तुळसाबाई गोवऱ्या रचत होती. मी विचारलं, "कोठावदे गडावर गेलेत का?"

ती हसली. "गडावर? दोन वरसं झाली सायेब, गड नाय चढलं ते. बाला तवा ताप आला, तवापासून त्याला वाटतं, ह्यो काशाच हे. सोडीतच नाय मंग."

मी आत गेलो. कोठावदे चुलीपुढे बसून नागलीची भाकरी दुधात कुस्करत होते आणि एकेक घास म्हाताऱ्याच्या तोंडात घालत होते. म्हातारा कालपासून जेवला नव्हता, हे त्यांनीच मला हळू आवाजात सांगितलं. दोन वर्षांच्या त्या सगळ्या गडाच्या गोष्टी मला आठवल्या. राग यायला हवा होता, तो आला नाही.

तरी मी म्हणालो, "कोठावदे, मालक चारपर्यंतच थांबणार आहे. सही करून दोन तासांत परत येऊ. ती जागा पुन्हा मिळणार नाही."

त्यांनी माझ्या घड्याळाकडे बघितलं. वाटी खाली ठेवली, हात धुतला, उठले आणि दारात बसून बुटाची नाडी बांधायला लागले. म्हाताऱ्याला ते बरोबर कळलं. तो भिंत चाचपत आला आणि त्यानं त्यांचा दंड घट्ट धरला.

"काशा, चालला का रं? आत्ताच त आला."

कोठावद्यांनी बांधलेली नाडी सोडली. "नाय बा. हितंच हे मी."

"मंग ह्यो कोण आलाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"मुकादम हे बा. दिंडोरीचा. कामावर न्यायला आलाय."

मघाशी माझा आवाज आला होता त्या रोखानं म्हातारा वळला. त्यानं हात जोडले. "मुकादम, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या की हो पोराला."

मी साक्षीदार म्हणून आलो होतो. मी म्हणालो, "राहू द्या बाबा. होळीपर्यंत राहू द्या. मी दुसरा माणूस बघतो."