घाण वरून येते

नदी स्वच्छ असते तोवर ती सगळ्यांची असते, आणि घाण झाली की ती दुसऱ्याची होते. हा निसर्गनियम आहे. त्यात कोणाचा दोष नाही. मात्र हा दुसरा म्हणजे नेमका कोण, हे कळण्याची निसर्गाने काहीच सोय ठेवली नसल्यामुळे शासनाला एक कार्यालय उघडावं लागलं. त्याचं नाव ‘जलगुणवत्ता तपासणी व उत्तरदायित्व निश्चिती कक्ष’. (एवढं नाव एका भिंतीवर मावेना, म्हणून पाटी दोन भिंतींवर वळवून लावली आहे. कोपऱ्यात उभं राहिलं की पूर्ण वाचता येते.)

या कक्षात बाटलीबाई एकोणीस वर्षं नोकरीला होत्या. नावावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये. बाईंच्या बाटल्या काचेच्या, रुंद तोंडाच्या, आणि आत नदीचं पाणी. दर सोमवारी जुन्या पुलाखाली उतरायचं, दोरीला बांधून बाटली सोडायची, भरली की बूच लावायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि प्रयोगशाळेत आणून चौदा निकषांवर तपासायची. एकोणीस वर्षं नदी चौदाच्या चौदा निकषांवर नापास होत आली होती. इतकं सातत्य बाईंना स्वतःच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातही आढळलं नव्हतं. तपासून उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं जाई, आणि बेसिनचं पाणी नदीत. घेतलेली वस्तू जिथल्या तिथे परत करायची, ही कक्षाची जुनी शिस्त.

घरी सासूबाई रोज संध्याकाळी ‘आज कशी आहे?’ म्हणून विचारत, अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या नातेवाइकाची चौकशी करावी तशी. बाई ‘तशीच’ म्हणत आणि भाजी चिरायला बसत. एकूण नदीचं, बाईंचं आणि कक्षाचं बरं चाललं होतं.

तेवढ्यात वरून पत्र आलं. नव्वद दिवसांत नदीच्या प्रदूषणाची जबाबदारी निश्चित करावी. तशी न झाल्यास ती कक्षप्रमुखांवर निश्चित करण्यात येईल.

कक्षप्रमुखांना सगळे नुसतं साहेब म्हणत. साहेब शांत डोक्याचे होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, पंखा एक आकडा वाढवला आणि बाटलीबाईंना बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की घाण कोणी केली हे त्या जागच्या लोकांइतकं कोणालाच ठाऊक नसतं, तेव्हा नमुना घेता घेता त्यांनाच विचारावं. विचारण्यासाठी एक नमुना-प्रपत्र तयार झालं. त्यात एकच प्रश्न होता: ‘घाण कुठून येते?’ (उत्तरासाठी पाऊण पान जागा सोडली होती. ती पुढे वाया गेली.)

पुलाजवळच्या लोकांनी एकमुखाने सांगितलं, की वरून येते. वर रंगाचा कारखाना होता. दुसऱ्या सोमवारी कार्यालयाची जीप बाईंना घेऊन तिकडे गेली. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची दिली, स्वच्छ पाणी दिलं (बाटलीतलं) आणि समजावून सांगितलं, की नदी त्यांच्याकडे येते तेव्हाच काळी असते. कारखाना तिला थोडा निळेपणा देतो, एवढंच. तिसऱ्या सोमवारी त्याच्याही वरचं रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, आमच्याकडे आलेली माणसं निदान बरी होऊन जातात, नदी मात्र येतानाच आजारी असते. चौथ्या सोमवारी कागदाची गिरणी, पाचव्या सोमवारी एक धाकटं शहर. सगळीकडे उत्तर एकच, आणि तेही इतक्या मनापासून, की बाईंना प्रश्न विचारायचीच लाज वाटू लागली. त्या नुसतं प्रपत्र पुढे करत आणि लोक बोट वर करत.

अशा रीतीने आठ आठवड्यांत कक्ष एक्केचाळीस किलोमीटर वर सरकला. त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे झाले. बाईंचं वजन चार किलोंनी उतरलं. गुडघ्याचं जुनं दुखणं गेलं. जीपच्या ड्रायव्हरला, ज्याने जन्मात झाड ओळखलं नव्हतं, सात झाडं ओळखता येऊ लागली. आणि नदी सुधारली. पहिल्या आठवड्यात चौदा निकषांवर नापास असलेली नदी पाचव्यात नऊवर आणि आठव्यात तीनवरच नापास होती. साहेबांनी याचा आलेख काढून भिंतीवर लावला. एकोणीस वर्षांत जे घडलं नव्हतं ते दोन महिन्यांत घडलं होतं, आणि तेही नदीला हात न लावता.

“बाई,” साहेब कौतुकाने म्हणाले, “तुम्ही जाल तिथे नदी सुधारते आहे.”

बाईंना बरं वाटलं. चांगल्या शब्दाची सवय नसली की तो खराच वाटतो.

नवव्या सोमवारी जीपचा रस्ता संपला. पुढे दीड तास चढण. डोंगराच्या कुशीत एका खडकाखालून बोटभर धार निघत होती आणि खाली घमेल्याएवढ्या डबक्यात साठून पुढे जात होती. हीच ती नदी. बाईंनी एकोणीस वर्षं तिचं पाणी काढलं होतं, पण तळ पहिल्यांदाच पाहिला. तळाशी बारीक पांढरी वाळू नाचत होती. बाई थोडा वेळ नुसत्याच बसून राहिल्या. (हा वेळ नोंदवहीत ‘निरीक्षण’ या सदरात दाखवला आहे.)

धारेच्या बाजूला एक झोपडी, त्यात एक आजी, आणि आजीच्या तेवीस शेळ्या. आजीने बाईंना तांब्याभर पाणी दिलं. बाईंनी प्रपत्र पुढे केलं. घाण कुठून येते, या प्रश्नावर आजीने इतरांसारखं वर बोट दाखवलं नाही, कारण तिच्या वर फक्त खडक होता. ती म्हणाली, “शेळ्यांची असते थोडी. मी सकाळी झाडून काढते.”

त्या नदीकाठी आपली घाण आपली म्हणणारी ती पहिली व्यक्ती, आणि तिने ते अंगठ्यानिशी म्हटलं.

नमुना तपासला गेला. तेरा निकषांवर पास, एकावर नापास, तोही काठावर. साहेबांनी अहवाल वाचून खुर्ची मागे सरकवली. त्यांचा तर्क स्वच्छ होता. घाण वरून येते, हे नदीकाठच्या आठ लाख लोकांनी सांगितलेलं आहे. सगळ्यांत वर ही आजी आहे. तिने गुन्हा कबूल केलेला आहे. तेव्हा जबाबदारी निश्चित झाली. मुदतीच्या चोवीस दिवस आधी झाली, हे विशेष. कक्षाला बळीचा बकरा सापडला, असं काही कुजकट लोक म्हणाले. ते वस्तुस्थितीला धरून नव्हतं. तेवीसपैकी बकरा एकही नव्हता.

साहेबांनी हिशेबही मांडला. आठ लाख लोकवस्तीला तेवीस शेळ्या, म्हणजे एकेका शेळीमागे जवळजवळ पस्तीस हजार माणसांची घाण. हा आकडा प्रसिद्ध झाला तेव्हा शहर हादरलं. एवढीशी शेळी आणि एवढा कारभार! रंगाच्या कारखान्याने ‘शेळ्या हटवा, नदी वाचवा’ असे चारशे फलक स्वखर्चाने छापून दिले. शाळेच्या मुलांनी फेरी काढली. फेरी पुलावरून गेली तेव्हा वारा होता, त्यामुळे फलकांपैकी बरेच नदीत गेले, पण तोवर फोटो काढून झाले होते.

सासूबाईंनी संध्याकाळी बातमी नीट ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “तेवीसच? मग चांगल्या दांडग्या असतील.”

बाई भाजी चिरत राहिल्या. आजीवर नोटीस निघाली होती: पंधरा दिवसांत शेळ्यांसह जागा सोडावी. बजावायला बाटलीबाईंनीच जावं, कारण वाट त्यांनाच माहीत होती. साहेब उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि उंट म्हणून बाईंची नेमणूक झाली होती.

बाई चढून गेल्या. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून बाईंनी नोटीस वाचून दाखवली. सरकारी मराठी मोठ्याने वाचताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. आजी मान हलवत ऐकत होती. ती रागावली नाही, रडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, की हे पाणी खाली माणसं पितात का. पितात, असं बाईंनी सांगितल्यावर तिचा चेहरा खरोखर उतरला. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती आयुष्यात कधी खाली उतरली नव्हती. मग उठून तिने शेळ्या ओढ्यापासून दूर, खडकाच्या पलीकडच्या अंगाला बांधायला घेतल्या. बाईही एकेक दोर धरून मदतीला लागल्या. तेवीस शेळ्या बांधायला पाऊण तास लागला. नदीसाठी प्रत्यक्ष काही केल्याची ती कक्षाच्या इतिहासातली पहिली नोंद, आणि ती कुठेही नोंदलेली नाही.

शेवटची शेळी बांधता बांधता आजीने सहज विचारलं, “तुझ्या घरचं पाणी कुठे जातं गं, पोरी? भांड्याचं, धुण्याचं?”

“खाली,” बाई म्हणाल्या.

“खाली कोण असतं?”

एकोणीस वर्षं चौदा निकषांवर पाणी तपासणाऱ्या बाईला हा पंधरावा निकष कोणी शिकवला नव्हता. त्या डोंगर उतरून जीपमध्ये बसल्या. जीप कागद गिरणीवरून, रुग्णालयावरून, कारखान्यावरून खाली येत गेली आणि प्रत्येक वळणावर वास एकेक पायरी चढत गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. प्रयोगशाळेत काही चाचण्यांना पाच-पाच तास थांबावं लागतं, आणि तिथे वाचायला एकच पुस्तक होतं: कक्षाची नियमावली. बाईंनी ती एकोणीस वर्षांत अकरा वेळा वाचली होती. साहेबांनी एकदाही वाचली नव्हती, कारण ती साहेबांना लागू होती. तिच्यात नियम सतरा, पोटनियम चार असा आहे, की नोटिशीला दिलेल्या खुलाशात प्रश्न असेल तर त्याचं समाधानकारक लेखी उत्तर दिल्याशिवाय पुढची कारवाई करता येत नाही. (हा पोटनियम आजवर वापरलाच गेला नव्हता. नोटीस हातात पडल्यावर माणसाला प्रश्न सुचत नाहीत.)

दुसऱ्या दिवशी बाईंनी आजीचा खुलासा स्वच्छ अक्षरात लिहून काढला आणि आवक खात्यात शिक्का मारून घेतला. खुलासा दोन ओळींचा होता. तुमच्या घरचं पाणी कुठे जातं? आणि तिथे कोण राहतं?

साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

“हे त्या म्हातारीला सुचलं?”

“हो साहेब.”

“आणि हा पोटनियम कोणाला सुचला?”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. साहेबांनी पंखा एक आकडा कमी केला. नियम म्हणजे नियम. नोटिशीला स्थगिती मिळाली आणि घरोघर सर्वेक्षण सुरू झालं.

एवढं मोठं सर्वेक्षण त्या शहराने कधी पाहिलं नव्हतं. एक लाख बासष्ट हजार घरं, तीनशे चौदा कारखाने, एकोणीस रुग्णालयं, आणि आमचं पाणी घाण नसतंच असा आग्रह धरणारे सहा बंगले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शंभर टक्के एकच आलं: ‘खाली.’ साहेबांनी स्वतःच्या प्रपत्रात ‘खाली’ लिहिलं. बाईंच्या घरी उत्तर सासूबाईंनी दिलं, लिहायला बाई. तो एक शब्द लिहायला त्यांना एवढा वेळ लागला, की सासूबाई म्हणाल्या, “शाई संपली का?”

दुसऱ्या प्रश्नावर मात्र गाडं अडलं. खाली कोण राहतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुलाजवळच्यांनी सांगितलं, आम्ही तर वर राहतो, खाली ती पलीकडची वस्ती. पलीकडची वस्ती म्हणाली, आम्ही कसले खाली, वळणानंतरची गावं पाहा. वळणानंतरच्या गावांनी लांबवर हात केला. तिकडे धुकं होतं. कक्षाने दोन्ही सर्वेक्षणं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा असं निष्पन्न झालं, की घाण कुठून येते असं विचारलं तेव्हा हीच सगळी माणसं खाली राहत होती, आणि घाण कुठे जाते असं विचारलं तेव्हा ती सगळी वर राहत होती. आठ लाख लोकांचं हे स्थलांतर सहा महिन्यांत, एकही खाट न हलवता पार पडलं होतं. अशा कामगिरीबद्दल कक्षाला वरून प्रशस्तिपत्र मिळालं.

नोटिशीची स्थगिती अजून कायम आहे. नमुना पुन्हा पुलाखालून घेतला जातो आणि नदीने आपलं चौदापैकी चौदाचं सातत्य परत मिळवलं आहे. बाटलीबाई अधूनमधून रविवारी डोंगर चढून जातात. गुडघा उत्तम आहे. शेळ्या आता एकतीस झाल्या आहेत.

खुलाशाचं उत्तर पूर्ण व्हायला फक्त एक जबाब कमी आहे. नदीच्या खालच्या बाजूला राहणारी एक तरी व्यक्ती सापडली, की प्रकरण निकाली निघेल आणि शेळ्यांवर कारवाई होईल. वाचकांच्या ओळखीत असं कोणी असल्यास त्यांनी पूर्ण पत्त्यासह कक्षाला कळवावं. स्वतःचं नाव कळवण्याची तसदी घेऊ नये. तुम्ही वर राहता, हे कक्षाने गृहीत धरलेलं आहे.