मंगळवारी गौराक्काला मराठी येत न्हाई

पोरीच्या नाकात चिंचोका गेलता बघा. चांगला टपोरा, अख्खा चिंचोका! सुनी माझी तीन वर्साची, ती डोळं मोठं करून तोंडानं श्वास घ्याय लागली, आन् मी तिला काखंत मारून पळत सुटले ते थेट शेजारच्या गौराक्काच्या सोप्यात. घरात कोण न्हाई, हे कारखान्यात, डाक्टर पार बाजाराच्या पल्याड. माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. पोरीकडं बोट केलं, माझ्या नाकाकडं बोट केलं, परत पोरीकडं बोट केलं.

फाट्! आक्कानं माझ्या बोटावर चापट मारली.

"बेरळ ब्याड. बायिले हेळ." म्हंजे बोट नगं, तोंडानं सांग.

"आक्का, चिंचोका! नाकात गेलाय हिच्या!"

आक्का माझ्याकडं अशी बघाय लागली की मी जणू झाडावरनं किचकिचाय लागलेय. "एन?" म्हणाली. काय?

तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. अगं बाई, मंगळवार! आन् मंगळवारी गौराक्काला मराठी येत न्हाई.

"मूगु!" मी किंचाळले. "मूगु! कूसु! मूगु!" नाक, लेकरू, नाक. एवढंच येत व्हतं मला, पण त्येवढ्यानं दार उघडल्यागत झालं. आक्कानं कमरंची डबी काढली, निपाणीची जहाल तपकीर चिमटीत घेतली आन् सुनीच्या नाकाजवळ नुसती नेली. सुनी शिंकली. परत शिंकली. तिसऱ्याला चिंचोका जो सुटला तो समोरच्या घागरीवर टण्‌कन् वाजला.

मी मटकन् बसले, रडाय लागले. आक्कानं सुनीचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, मग माझ्याकडं वळली आन् सबंध वाक्य म्हणली, "मूगिन्याग बीज होक्कैती." नाकात बी गेलंय. आन् मला म्हणाय लावलं. मी हुंदकं देत देत म्हणले. चुकलं. परत म्हणाय लावलं.

अशी ही गौराक्का.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मराठी. मंगळवार, गुरुवार, शनिवार कानडी. ऐतवारी जिभंला सुट्टी, ऐतवारी आक्का कुणासंगं बोलत न्हाई, भाजीवाली आली तरी तिच्या टोपलीतनं आपल्या हातानं वांगी निवडून घेती. हा नेम तिचा कुणासाठनं मोडत न्हाई. माहेर तिचं हितलंच, निपाणीचं, आन् दिलेली गोकाकच्या पल्याड एका कानडी खेड्यात. मालक वारल्यावर परत आली, आमच्या वळीत शेवटच्या खोलीत एकटी राह्यली. आन् येताना दोन भाषा घेऊन आली, आन् दोघींना जावांगत वाटणी करून दिली.

आता आमच्या भागात भाषा म्हंजे खेळायची चीज न्हाई, तुमास्नी म्हाईत हाय. मराठीच्या मोर्चाची पोरं वर्गणी मागाय मंगळवारी आली तर आक्का त्यास्नी कानडीत बसा म्हणाली, च्या दिला. पोरं च्या न पिता गेली. कानडी संघाचं लोक बुधवारी आलं, तर ठसक्यात मराठी. ती बी तोंड वाकडं करून गेली. दोघं बी म्हणत्यात, म्हातारी त्यांची हाय.

माझं माहेर येळ्ळूर. आमच्या आप्पांनी घरात कानडी शब्द येऊ दिला न्हाई, आम्ही पोरी चुकून बोललो तर जेवण बंद. मी सातवीपतूर शिकले ती अशीच एका कानानं. ते आप्पा एकदा मला भेटाय आलं, नेमकं मंगळवारी. आक्का कानडीत ख्यालीखुशाली इचारती, आप्पा भिताडाकडं बघत्यात. परत इचारती, परत भिताड. आप्पा एवढं तापलं, एवढं तापलं की सांजच्या यष्टीनं जायचं ते ऱ्हायलं, उद्या बुधवारी हिला मराठीत सुनावूनच जातो म्हणलं. आन् बुधवारी सकाळी आक्का दारात आली, "या की अण्णा, रात्री पोरीच्या हातचं जेवलासा, आता ह्या बहिणीच्या हातचं खावा," असं इतकं गोड निपाणी मराठी बोलली की आप्पा पोहे खाऊन, पान लावून, तिला नमस्कार करून गेलं. सुनवायचं इसरलंच.

खानेसुमारीवाला आला तवा मी तिथंच व्हते. त्यानं इचारलं, मातृभाषा? आक्का म्हणाली, "आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग मराठी लिव्ह. उद्या आलास तर कानडी."

"आज्जी, असं दोन न्हाई चालत."

"तुला दोन डोळं चालत्यात न्हवं?"

त्यानं कपाळ पुसलं. "बरं. लेकरं किती?"

"न्हाईत. झालीच न्हाईत," आक्का म्हणाली आन् सूप पाखडाय लागली.

आक्काचा लाडका शब्द म्हंजे बुडव. डाळ शिजंना? बुडव. कपड्याचा डाग निघंना? बुडव. पोरगं इंग्रजीत नापास? "अर्धं कोरडं ठिवलंय त्येला, बुडव की सगळं." आन् कुणी तिच्यापुढं बोटानं खूण केली की फाट्. भाजीवालीला मारलं, माझ्या ह्यांना बी मारलं. एवढा मोठा फिटर मिस्त्री माणूस, चुना कुठाय म्हणून नुसतं बोट केलं तर फाट्. हे हात चोळत म्हणालं, "बाई हाय का मास्तरीण!"

मला कानडी शिकीवताना तिनं नमस्कार, या-बसा असलं काय शिकीवलंच न्हाई. पयलं नाक, कान, पोट, छाती. सगळ्यात जास्त गंटल. गंटल म्हंजे घसा. "गंटल म्हण. परत म्हण." मला वाटायचं, येडी हाय म्हातारी, वाण्याच्या दुकानात मी काय घसा मागू?

आन् मग आमच्या घरावर वीज पडली. म्हंजे लोकांच्या भाषेत भाग्य उघडलं. कारखान्याला यंत्रं देणाऱ्या कंपनीनं ह्यांना उचललं. मेक्सिको नावाचा देश हाय, तिथं ऊस पिकतोय, तिथं साखर कारखाना उभा करायचा. दोन वर्सं. बायकापोरांसकट. मी ते ऐकलं आन् चुलीवरचं दूध उतू गेलं, मला दिसलंच न्हाई. संकेश्वरच्या पुढं मी एकटी कवा गेले न्हाई, मला इमानात घालणार! तिथली बोली स्पॅनिश. कंपनी म्हणती, आधी तीन म्हयनं कुटुंबानं तिथंच राहून भाषा शिकायची, मग कामावर. कुठं शिकायची ते तुमी निवडा. तीन रंगीत कागद पाठवलं, फोटोसकट.

आक्काला कळलं तशी तिनं काय केलं म्हाईत हाय का? कानडीचा गुरुवार काढून घेतला आन् स्पॅनिशला दिला! ती कुठं जाणार न्हवती, तिला कोण बोलवलं न्हवतं. ह्यांच्याकडं कंपनीनं दिलेली क्यासेट व्हती, ती ऐकून ऐकून आक्का गुरुवारी आम्हां दोघींत तिसरीच बाई व्हायची. "आग्वा," म्हणायची पाण्याला. "इखा," म्हणायची सुनीला, म्हंजे लेक. बाकी धा-पंधरा शब्द, त्येवढ्यावर अख्खा गुरुवार काढायची. दूधवाल्याला बी "नो" म्हणायची. वळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण मला अंगावर काटा यायचा. ह्या वयात! माझ्यासाठनं!

आन् परत तेच. ह्यांना म्हणाली, "घशाला काय म्हणत्यात ते बघून सांग." ह्यांनी सांगितलं, गारगान्ता. झालं! "मंदे, गारगान्ता म्हण. परत म्हण."

एका सोमवारी मी तिन्ही कागद तिच्यापुढं टाकलं. पयला, मोठं शहर, शाळा, वसतिगृह, तिथं आपल्याकडची लई कुटुंबं, स्वयंपाकाला आपलाच आचारी. दुसरा, समुद्राकाठी बंगला, मास्तर रोज घरी येऊन तासभर शिकीवणार. तिसरा, बारकं गाव, तिथल्याच एका कुटुंबात राहायचं, त्यांच्याच चुलीवरचं खायचं, आपलं माणूस कोण न्हाई, इंग्रजी बी न्हाई.

माझं ठरलं व्हतं. पयला. ह्यांचं बी तेच. आपली माणसं, आपली भाकरी.

आक्कानं पयल्या कागदावरचा फोटो डोळ्याजवळ नेला. "ही सगळी हसाय का लागल्यात? हितं तू मराठीच बोलशील. कोरडी जाशील, कोरडी येशील." दुसरा बघितला. "समुद्र तुला काय शिकीवणार?" तिसऱ्यात चुलीपुढं एक जाडजूड म्हातारी उभी व्हती, हातात डाव, कपाळाला ह्या एवढ्या आठ्या. आक्काचा चेहरा फुलला. "ही! हिच्याकडं जा. ही तुला ओरडंल."

"आक्का, मला ओरडणारी कशाला पायजे?"

"ओरडणारी बोलाय लावती. मायाळू माणूस खुणंवर भागवतंय."

मला राग आला. म्हणले, "तुमचं काय जातंय? लेकरू माझं हाय. परक्या देशात परक्या घरात घेऊन जाऊ? तुमास्नी लेकरू असतं तर कळलं असतं."

आक्कानं कागद नीट घडी करून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी वरमून गेले, तर ती चिंच फोडत बसलेली. मी बी बसले. एक एक चिंचोका काढून ताटलीत टाकत ती बोलाय लागली, कानडीत, माझ्याकडं न बघता. मी मराठीत सांगती, तिच्यागत न्हाई जमायचं.

म्हणाली, "लगीन झालं तवा मला तिथलं ये-जा सुदीक कळत न्हवतं. सासू लई गुणाची. मला तरास नगं म्हणून खुणा करायची. पोटावर हात, म्हंजे भूक लागली का. गालाखाली हात, म्हंजे झोप. माझ्यासाठनं सगळं घर मुकं झालतं. कोण कवा ओरडलं न्हाई. मी सुखात व्हते. मग पोरगी झाली. रांगाय लागली. एक दिवस तिचा घसा धरला, गिळंना, श्वास वाजाय लागला. गडीमाणसं रानात. मी सासूला पोरीच्या तोंडाकडं बोट करून दावलं. सासू पळत गेली आन् दूध घेऊन आली. भुकेली हाय वाटलं तिला. मी मान हलवली, परत बोट केलं. तिनं दुधात साखर घातली."

ताटलीत एक चिंचोका पडला. मग दुसरा.

"परत बोट केलं. तिनं कोमट करून आणलं."

सुनी तिथंच खेळत व्हती. आक्कानं ताटली तिच्यापासनं लांब सारली.

"सासू मरंस्तवर मला इचारायची, तू मला सांगितलं का न्हाईस गं?"

तिचं सांगून झालं तवा माझ्या ध्यानात आलं, ह्यातला एक शब्द मला इचाराय लागला न्हाई. समदं कळलं. आन् त्या खानेसुमारीवाल्याला तिनं खोटं सांगितलं न्हवतं. ती पोरगी कानडीत झाली, कानडीतच गेली. आक्काच्या मराठीत ती न्हाईच.

बुधवारी सकाळी आक्का आमच्या दारात आली. काय झालंच न्हाई अशी. "काय ठरलं गं मंदे?" तिन्ही कागद तिथंच पडलेलं. हे दाढी करत व्हतं, म्हणालं, पयलाच. मी बोट उचललं, आक्काचा हात बी उचलला, मी बोट मिटलं.

"तिसरा," म्हणले. तोंडानं.

ह्यांनी वस्तरा थांबवला. का म्हणून इचारलं. मी काय सांगणार? बुधवार व्हता. ते मराठीत सांगायचं न्हवतंच. म्हणले, "मला ओरडणारी पायजे." हे "तू म्हणशील तसं" म्हणालं आन् कागदावर सही केली.

मला वाटलं, आक्का आता आनंदानं बुडव बुडव म्हणंल. ती सुनीचं केस इंचरत उंबऱ्यावर बसली. फणी थांबली. "ती म्हातारी पोरीकडं नीट बघंल न्हवं?" म्हणाली. मग हळू, "गुरुवारी आता मी कुणासंगं बोलू गं?"

माझ्या हातात तो सही केलेला कागद. म्होरं ती, तिच्या मांडीवर माझी लेक, आन् तिकडं फोटोतली आठ्यांची ती म्हातारी. कागद धाडावा का फाडावा, मला अजून कळत न्हाई, म्हणून तुमास्नीच इचारती. माझ्या जागी तुमी असता, तर काय केलं असतं?