आपटेकाका आणि पासपोर्टचं कपाट

रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी आपटेकाका लाल दिव्याला थांबतात. तेही पायी असताना, इथे आखातातल्या अदलियाच्या भर उन्हात. "लिहिलंय ना? खलास!" एवढंच इथल्या अरबांसारखं म्हणतात, म्हणजे विषय संपला. खिशात रेसिडेंट कार्ड, पाकिटात त्याची झेरॉक्स आणि डब्याच्या पिशवीत आणखी एक झेरॉक्स.

आमच्या ऑफिसात ते रेकॉर्ड सांभाळतात. तरुणपणी पुण्यात त्यांनी जर्मन कायद्याच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध सुरू केला होता. तो अर्धाच राहिला. उरलेला अर्धा आम्ही जेवणाच्या सुट्टीत सोसतो.

"एक पंथ म्हणतो, कायदा लोकांच्या चालीरीतींतून उगवतो," काकांच्या हातातला घास तसाच हवेत. "दुसरा म्हणतो, अधिकार असलेल्यानं लिहिला तो कायदा, बरा की वाईट, विचारायचं नाही. तिसरा म्हणतो, लिहिलेल्याच्या वरही न्याय असतो. हुकूमशाहीत न्यायाधीशांनी लिहिलेलं पाळलं आणि माणसं मेली. तेव्हा कुठे शहाणे म्हणाले, अन्याय असह्य झाला की तो कायदाच उरत नाही."

"तुम्ही कुठल्या पंथाचे?"

"दुसऱ्या. मी भित्रा आहे रे."

भित्रे तर आम्ही सगळेच. नोकरी गेली की व्हिसा गेला. आमचे पासपोर्ट कंपनी कपाटात ठेवते. इथल्या कायद्यात ते बसत नाही, पण बोलणार कोण? किल्ली काकांकडे, आणि मॅनेजरच्या सहीशिवाय पासपोर्ट बाहेर काढायचा नाही, असा कंपनीचा नियम.

एका सकाळी चिपळूणहून बहिणीचा फोन आला. "दादा, बाबा सारखं तुझं नाव घेतायत. आजच नीघ."

मॅनेजर सुट्टीवर, फोन बंद. मी काकांसमोर जाऊन उभा राहिलो. नियमाचा कागद कपाटाच्या दारावरच होता, काकांनीच चिकटवलेला.

काका बराच वेळ तो वाचत राहिले. मग किल्ली काढली. पासपोर्ट माझ्यापुढे ठेवून त्यांनी रजिस्टरमध्ये मॅनेजरच्या रकान्यात स्वतःची सही केली.

"काका, तुमची नोकरी जाईल."

"जाईल. भीती वाटतेय मला. पण तू नीघ, चल, यल्ला!" मग आवाज खाली आला. "आईच्या वेळी मी सहीची वाट बघत बसलो होतो. चार दिवस. किल्ली तेव्हाही माझ्याच खिशात होती."

पुढे मॅनेजरनी किल्ली काढून घेतली, काकांची नोकरी कशीबशी राहिली. पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. विमानात मला बाबांसाठी भीती वाटत होती आणि काकांसाठीही.

चिपळूणला पोचून बाबांजवळ बसलो, तोच काकांचा फोन.

"भेटले?"

"भेटले, काका. मला ओळखलं त्यांनी."



"खलास," काका म्हणाले, आणि हुंदके देऊन रडायला लागले.